हसऱ्या तोंडावरचं बोट

आमच्या शनिवारच्या वर्गाच्या फॉर्मवर एकाखाली एक पाच तोंडं छापलेली होती. पहिलं खदाखदा हसणारं, दुसरं नुसतंच हसरं, तिसरं धड इकडं ना तिकडं, चौथं पडलेलं आणि पाचवं रडणारं, डोळ्यातून एक टिपूस गळणारं. वर एकच प्रश्न होता: बाळंतपणाच्या तयारीच्या या वर्गाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? ज्यांना वाचायला जड जातं त्यांनी नुसती तोंडावर खूण करायची. ही युक्ती मॅडमची, म्हणजे आमच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांची. वर्ग घ्यायच्या सिस्टर. आठ शनिवार झाले की शेवटच्या दिवशी चहाबरोबर फॉर्म यायचा.

वर्ग सुरू झाल्यापासून प्रत्येक बाईनं एकाच तोंडावर खूण केली होती. पहिल्या.

त्यातली एक खूण माझी आहे.

मी इथली नाही. परभणीकडच्या एका खेड्यातून लग्न करून रत्नागिरीत आले. नवरा बोटींच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो. माझी शाळा सातवीला सुटली. हायस्कूल दुसऱ्या गावाला होतं आणि एसटी वेळेवर यायची नाही. एवढंच कारण. याहून मोठं काही सांगायला मला आवडलं असतं, पण नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे तिकडंही तसंच आणि इथंही तसंच. पण माझ्याबरोबरच माझ्या भावजयीला दिवस गेले. एका घरात एकाच वेळी दोन बाळंतपणं नकोत असं आमच्यात मानतात. आई असती तर तिनं काहीतरी तोड काढली असती. भाऊ फोनवर म्हणाला, "तायडे, तुझ्याजवळ दवाखाना तरी चांगला आहे ना?"

मी म्हटलं, "लई चांगला आहे." तोवर मी दवाखान्याचं दारसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

पहिल्या शनिवारी मी वर गेले तर हॉलमध्ये सगळ्या माहेरवाशिणी. कुणी मुंबईहून आलेली, कुणी पुण्याहून, आणि प्रत्येकीच्या शेजारी आई नाहीतर आजी. डबे उघडलेले, पाठीला उश्या लावलेल्या. मी भिंतीला टेकून बसले आणि पर्स मांडीवर घट्ट धरली. सिस्टर नावं लिहीत माझ्यापर्यंत आल्या.

"तुझ्याबरोबर कोण गो?"

"कोणी नाही."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "मग मी. सरक जरा."

आणि तो पहिला वर्ग त्यांनी माझ्याच सतरंजीवर बसून घेतला. पुढं आठही शनिवार मी त्यांच्या शेजारी. टॉवेलचं बाळ करून ते छातीशी कसं धरायचं, पिशवीत काय काय भरून ठेवायचं, कळ आली की श्वास कसा सोडायचा, सगळं शिकले. समोर मेणबत्ती आहे असं समजायचं. फुंकर अशी, की ज्योत हलली पाहिजे पण विझता कामा नये. घरी मी खरी मेणबत्ती लावून करायचे. नवरा म्हणायचा, "रोज वाढदिवस आहे का कुणाचा?" शेवटी शेवटी सिस्टर माझ्यासाठी घरून अळिवाचे लाडू आणायच्या. डबा परत दिला की दुसऱ्या शनिवारी पुन्हा भरलेला. माझं माहेर म्हणजे तो हॉल होता, असं मी म्हटलं तर माझ्या भावाला वाईट वाटेल, पण तेच खरं आहे.

मग फॉर्म आला. मी पहिल्या तोंडावर इतकी दाबून खूण केली की कागदाला भोक पडलं.

आणि तीन आठवड्यांनी माझी वेळ आली. त्या दिवशी सिस्टर सुट्टीवर होत्या. लेबर रूमचं दार उघडलं. आत माझ्या छातीएवढं उंच टेबल, पाय अडकवायला दोन्हीकडं लोखंडी दांडे, आणि वर परातीएवढा दिवा. तो दिवा लावला आणि मला वाटलं, हे ऑपरेशन आहे. मला कापणार आहेत आणि कुणी सांगत नाही. मेणबत्ती गेली, फुंकर गेली, आठ शनिवार पुसल्यासारखे गेले. मी टेबलावर चढेचना. दाराची कडी धरून नवऱ्याला हाका मारत राहिले. ड्यूटीवरची नर्स म्हणाली, "वर्गाला येत होतीस ना? मग शिकलीस काय?"

मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिलो. पण ते बोलणं माझ्या कानात राहिलं, आणि त्या दिवसाची एकही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. सिस्टरना तर नाहीच. सुट्टीवरून आल्या आल्या त्या वॉर्डात धावत आल्या आणि विचारलं, "मेणबत्ती उपयोगी पडली ना?" मी म्हटलं, "पडली."

मुलगी चालायला लागली तेव्हा सिस्टरनीच मला दवाखान्यात काम दिलं. सतरंज्या घालायच्या, चहा करायचा, वरचा मजला पुसायचा. सव्वीस वर्षांची मी, पण हातात फडकं आलं की बाई मावशी होते. माझ्याहून मोठ्या बायकाही मला मावशी म्हणायच्या. मला चालत होतं. फक्त रोज सकाळी जिना चढताना वाटायचं, की आज काही चुकलं तर हे काम जाईल. तसं कुणी कधी बोललं नव्हतं. माझा स्वभाव आहे तो.

आणि मग खरंच काहीतरी जायची वेळ आली. दवाखाना ज्या संस्थेचा आहे त्यांना तो हॉल दुसऱ्या कामाला हवा होता. वर्गाचा बायकांना खरंच उपयोग होतो हे दाखवा, नाहीतर हॉल सोडा, असा निरोप आला. मॅडमनी फॉर्मचा गठ्ठा काढला. मी तिथंच कपबश्या उचलत होते.

"हे मी कसं दाखवू?" मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांवर एकच तोंड! अहो, पंगतीतसुद्धा एखादा तरी म्हणतो, आमटी खारट झालीय."

सिस्टरना ते लागलं. "मग काय मी हात धरून खुणा करून घेतल्या?"

"तसं नाही म्हणत मी. पण याच्यावर विश्वास कोण ठेवणार?"

मॅडम सिस्टरच्या वर्गावर विश्वास ठेवत नाहीत याचा मला राग आला, आणि त्याच वेळी माझ्या भोक पडलेल्या फॉर्मची आठवण झाली. मी कपबश्या घेऊन खाली आले.

पुढच्याच शनिवारी एका तुकडीचे आठ शनिवार संपले. मी चहाचा ट्रे घेऊन फिरत होते. पुण्याहून माहेरी आलेली एक मुलगी, आठवा संपत आलेला, फॉर्म पुढ्यात घेऊन विचार करत होती. तिचं पेन पहिल्या तोंडावरून निघालं, दुसऱ्यावरून गेलं, तिसऱ्यापाशी घुटमळलं आणि खाली उतरायला लागलं. शेजारी तिची आजी. तिनं फाटकन नातीच्या हातावर मारलं.

"ए गो! त्या रडक्यावर पेन नको ठेवू. पोटातलां बघतां!"

"आजी, हा फॉर्म आहे."

"फॉर्म असला म्हणून काय झालां? भिंतीवर गोजिरवाण्या बाळाचा फोटो लावलाय तो मग कशाला? नि हितां रडका तोंड बघत बसलीस!"

असं म्हणून आजीनं आपला अंगठा खालच्या दोन तोंडांवर दाबून धरला, आणि नातीनं पहिल्यावर खूण करेपर्यंत उचलला नाही. मी आजूबाजूला पाहिलं. आणखी एक आई तेच करत होती, आपल्या पदराच्या टोकानं. इतके शनिवार मी चहा वाटत होते आणि मला हे दिसलं नव्हतं.

मॅडमना सांगायला मला चार दिवस लागले. शेवटी त्यांच्या केबिनची फरशी पुसताना, वर न बघताच बोलले.

"मॅडम, पोटुशी बाई रडक्या तोंडावर बोट ठेवत नसती."

मॅडमनी चष्मा काढला. मी आजीच्या अंगठ्याचं सांगितलं. त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेरची पेशंट आत डोकावली. मग एकदम गंभीर झाल्या. "आणि तू? तुझ्याजवळ तर आजी नव्हती. तू का नाही ठेवलंस?"

"मला सिस्टर लाडू आणायच्या," मी म्हटलं.

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. ड्रॉवरमधून त्यांनी एक कोरी वही काढली. "आता तोंडं बंद. तू विचार. आणि आधी नाही, बाळंत झाल्यावर. दीड महिन्याच्या लशीला सगळ्या येतात, बाहेर बाकावर तासभर बसतात. तेव्हा विचार, आणि जशा बोलतील तसं लिही."

"मी सातवी शिकलेय, मॅडम."

"मी किती शिकलेय, तरी माझ्याशी कुठं बोलतात?"

पहिल्या बाईला मी फॉर्मवरचाच प्रश्न विचारला. वर्गाबद्दल तुम्ही समाधानी आहात का? तिनं पदर सावरला, देवाला जोडतात तसे हात जोडले आणि म्हणाली, "होय हो, त्याची कृपा." वहीत काय लिहू? घरी जाऊन भाकऱ्या थापताना विचार केला, की मला कुणी काय विचारलं असतं तर मी खरं बोलले असते. दुसऱ्या दिवशी बाकावर बसले ती एकीच्या बाळाचं झबलं नीट करत, आणि म्हटलं, "तुझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेले, तर वर्गात तिला आणखी काय सांगायला पाहिजे?"

मग बायका बोलायला लागल्या. बहिणीसाठी बाई खरं बोलते.

"कळा कमरेत पण येतात ता सांगा. मी पोटाकडे बघत बसलेली."

"मेणबत्ती पुरली गो मला! नर्स म्हणते, काय फुंकतेस? म्हटलां, तू तुझां काम कर."

"सासूला वर्गात बसवा. मला सगळां येत होतां, तिलाच काय येत नव्हतां."

मी भराभर लिहीत होते. मेणबत्तीचं तर कितीतरी जणींनी सांगितलं, आणि ते लिहिताना मला असं वाटायचं की मीच ती पेटवलीय. वहीतलं ते पान मी दोनदा उघडून सिस्टरच्या टेबलाजवळून मिरवत नेलं.

पण मग ती खोली यायला लागली. एकीनं सांगितलं, टेबल बघून मी दारातूनच मागं वळले. दुसरी म्हणाली, दिव्याकडं बघवेना. त्या दोघींचं मी लिहिलंच नाही. मान डोलावली आणि पेन तसंच धरून बसले. सिस्टरनी ती खोली कधी दाखवली नव्हती. हे लिहिणं म्हणजे सिस्टरवर बोट ठेवणं. ज्या बाईनं माझ्या सतरंजीवर बसून मला माहेर दिलं, तिचा वर्ग माझ्याच हातानं बंद पडायचा, असं मला वाटत होतं.

तिसरी आली ती संगमेश्वरकडच्या गावातली, शेतातली बाई, नवरा मुंबईला. मांडीवरचं पोर थोपटत म्हणाली, "तुमचां असां झालां बघ. लग्न ठरवलांत, घर दाखवलांत, गोठा दाखवलांत, नि नवरा तेवढा दाखवला नाय! ज्या खोलीत जायचां ती एकदा दाखवलीत तर काय बिघडतां?"

मी हसले. ती हसली नाही. वाकून वहीत बघितलं.

"लिवलंस नाय?"

"लिहिते."

"मग लिव. माझ्यासमोर लिव. धाकटी बहीण खरंच हाय माझी, पाचवा लागलाय तिला."

मी लिहिलं. मग वर जागा करून त्या दोघींचंही लिहिलं. त्यानंतर पंधरा दिवस जिनं जे सांगितलं ते सगळं लिहिलं. निम्म्या पानांवर ती खोली होती.

वही मॅडमना द्यायची होती. मी आधी सिस्टरकडं नेली. दुपारची वेळ, त्या डबा खात होत्या. डबा बाजूला सारून त्यांनी वाचायला घेतलं. सगळी पानं वाचली. माझं अक्षर वाईट, म्हणून वेळ लागला असं मी मनाला सांगत होते. शेवटी म्हणाल्या, "ठेव." एवढंच.

दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. मी घरी नवऱ्याला सांगितलं, बहुतेक काम गेलं. तो म्हणाला, "तू खोटं लिहिलंस का?" नाही. "मग जाऊ दे की." त्याचं बरं असतं. त्याला पत्र्याला पत्रा जोडला की झालं.

तिसऱ्या दिवशी सिस्टरनी हाक मारली. वही त्यांच्यापुढं होती, आणि हातात पेन.

"बस. यात सगळ्या आहेत. तुझं कुठाय?"

"माझा फॉर्म आहे ना, सिस्टर."

"तो बघितला मी. भोक पडलंय त्याला. ते राहू दे. धाकटी बहीण आहे का तुला?"

"नाही."

"समज की आहे."

मग मी सांगितलं. दाराची कडी, दांडे, दिवा, आणि ती नर्स काय म्हणाली ते. मेणबत्ती उपयोगी पडली असं मी त्यांना खोटंच सांगितलं होतं, तेही. सांगताना मी त्यांच्याकडं बघत नव्हते, पेनाकडं बघत होते. सिस्टर लिहीत होत्या. माझं बोलणं, त्यांच्या वळणदार अक्षरात, माझ्या वहीत. लिहून झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"मी मुद्दाम दाखवत नव्हते गो. वाटायचं, आधीच घाबरलेल्या पोरी, कशाला आणखी? मला ती खोली आता स्वयंपाकघरासारखी झालीय. तिथं भिण्यासारखं काय आहे ते माझ्या लक्षातच राहिलं नाही." आणि मग थोड्या रागानं, "आणि तू एवढे दिवस गप्प! लाडू खाऊन!"

मी रडायला लागले, आणि त्यांनी मला डब्यातली उरलेली पोळी दिली.

पुढच्या शनिवारी लेबर रूम रिकामी होती. सिस्टरनी दिलेली वही मॅडमनी आधीच संस्थेकडं पाठवली होती, आणि नेमके त्याच दिवशी संस्थेचे एक वयस्कर गृहस्थ हॉल बघायला आले. हॉलमध्ये नुसत्या सतरंज्या. शोधत शोधत खाली आले तर आम्ही सगळ्या लेबर रूमच्या दाराशी. ते चपला काढून बाहेरच उभे राहिले.

आत जायला मात्र कुणी तयार नाही. एका मुलीच्या आईनं दाराला हात आडवा लावला होता. "वेळ आल्याबिगर हितां पाय ठेवू नये. माझ्या सासूनं सांगितलेलां."

"बरोबर आहे," सिस्टर म्हणाल्या. "मग आधी तुम्ही चला. तुमची वेळ तर होऊन गेली ना?"

सगळ्या फिस्सकन हसल्या. ती आई गेली आत. तिनं टेबलाला बोट लावून बघितलं, दांडा हलवून बघितला, मग वळून म्हणाली, "या गो. काय नाय. दवाखान्यातली खाटच हाय, जरा उंच."

त्या आल्या, आपापली पोटं सांभाळत, भिंतीला धरून. सिस्टर एकेक वस्तू दाखवत होत्या. पण टेबलावर चढायचं कसं, पाय कुठं ठेवायचे, हे नुसतं सांगून कळेना. आणि पोटुशीला तर आधी त्यावर बसवायचं नाही. सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

पायरीवर पाय ठेवून मी चढले. साडी सावरून आडवी झाले, पाय दाखवले. दांडे मला वाटत होते तेवढे गार नव्हते. वर तो दिवा होता, बंद.

"सिस्टर, तोही लावा," मी म्हटलं.

त्यांनी लावला. डोळ्यांवर पांढरं आलं. मी म्हटलं, "हा असा लागतो. हा कापायचा दिवा नाही. बाळ नीट दिसावं म्हणून आहे. मी तेव्हा भ्याले होते, म्हणून सांगते." माझा आवाज त्या खोलीत मोठा वाटला. मग मी डोळे न मिटता, दिव्याकडं बघतच, मेणबत्तीची फुंकर घातली. एक, दोन. सिस्टर मोजत होत्या. तिसऱ्या फुंकरीला कुणीतरी माझ्याबरोबर सुरुवात केली, मग सगळ्यांनीच.

दाराशी उभी असलेली एक आजी ओरडली, "काय झाला गो? झील की चेडू?"

इतक्या हसल्या सगळ्या, की एकीला खाली बसावं लागलं.

बाहेरच्या गृहस्थांनी खाकरून विचारलं, "आत काय चाललंय?"

"वर्ग," सिस्टर म्हणाल्या.

"आणि ते फॉर्म? ते भरून घेणार ना शेवटी?"

"फॉर्म नाही आता. बाळंतपण झाल्यावर विचारतो." मग दिवा बंद करून त्यांनी मला उतरायला हात दिला. "आमच्या बाई विचारतात. वही वाचलीत ना तुम्ही, ती यांची."

मी इकडं तिकडं बघितलं. बाई कुणाला म्हणाल्या ते कळायला मला एक क्षण लागला. गृहस्थांनी मला नमस्कार केला. मी टेबलाच्या पायरीवर एका पायात चप्पल घालून उभी होते, तिथूनच मीही केला.

हॉल वर्गाकडंच राहिला. ती संगमेश्वरकडची धाकटी बहीण आठव्या महिन्यात आली, एकटीच, एसटीनं. आत येऊन भिंतीला टेकून बसली. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि तिच्या सतरंजीवर जाऊन बसले.

"सरक जरा," मी म्हटलं.